उद्योजक संघटनांना खुलं पत्र: फ्री झोनचा परवाना विकणाऱ्यांना व्यासपीठ देण्याआधी

प्रति,
महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या व्यापारी संघटना, उद्योजक मंडळं आणि चेंबर्सचे सर्व पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीचा हळद-बेदाण्याचा व्यापारी. मार्केट यार्डात आमची ही तिसरी पिढी. आजोबांची हळद हरिपूरच्या पेवांत असायची, वडिलांनी दळणाची चक्की घातली आणि मी ती पूड पाकिटात भरून बाहेरगावी पाठवायला लागलो. तुमच्यासारख्याच एका संघटनेचा मी गेली पंधरा वर्षं सभासद आहे. जीएसटी आला तेव्हा, 2019 चा पूर आला तेव्हा, संघटना आमच्या मागे उभी होती, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहितोय, परवाने विकणाऱ्या सल्लागारांना नाही.

2022 च्या पावसाळ्यात एका संघटनेने भरवलेल्या कार्यक्रमात मी युएईमध्ये फ्री झोन कंपनी, म्हणजे कर आणि सीमाशुल्काचे वेगळे नियम असलेल्या खास क्षेत्रातली कंपनी, काढायचं ठरवलं. त्यात माझी दोन वर्षं आणि बराच पैसा गेला. मी त्यातून बाहेर पडलो, पेढीही नीट चालू आहे. पण अलीकडे दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या गावातून फोन येतो, "दादा, तुम्ही दुबईला कंपनी काढली होती ना? इथं उद्या सेमिनार आहे." प्रत्येकाला फोनवर पाऊण तास सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढावं म्हटलं.

तो हॉल अजून डोळ्यासमोर आहे. व्यासपीठामागे संघटनेचा बॅनर, त्यावर एका बाजूला अध्यक्षांचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला बुर्ज खलिफा. भारत आणि युएईमधला सेपा हा व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू झाला होता, त्यामुळे आखातात माल पाठवायची चर्चा यार्डात रोज चालायची. सल्लागार बोलायला चांगले होते. पडद्यावर मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी: 100 टक्के मालकी, 0 टक्के कर, सात दिवसांत परवाना. त्याच दिवशी बुकिंग करणाऱ्याला फीमध्ये सूट. माझ्या रांगेतल्या चौघांनी चहा यायच्या आत चेक लिहिले. मीही लिहिला. त्या सल्लागारांना मी ओळखत नव्हतो. आपली संघटना यांना बोलावते आहे म्हणजे कोणीतरी चौकशी केली असणार, असं मी धरून चाललो. बाकीचेही तसंच धरून चालले होते, हे नंतर त्यांच्याशी बोलताना कळलं.

परवाना मिळाला. सात दिवसांऐवजी सोळा दिवस लागले, पण मिळाला. ऑक्टोबर 2022 मध्ये ईमेलवर परवाना, शेअर सर्टिफिकेट, मेमोरंडम आणि फ्लेक्सी डेस्कचा भाडेकरार आला. एकट्याची कंपनी म्हणून नावापुढे एफझेडई (फ्री झोन एस्टॅब्लिशमेंट). आईने परवान्याची प्रिंट देवापुढे ठेवली, घरात पेढे वाटले. पॅकेज पंधरा हजार दिरहमचं, म्हणजे त्या वेळच्या भावाने साडेतीन लाखांच्या आतबाहेर. त्यानंतर एस्टॅब्लिशमेंट कार्ड, व्हिसा, तिथली रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे, एमिरेट्स आयडी, दोनदा जाणं-येणं, यात आणखी पावणेदोन लाख गेले. धंद्यात पैसा घालावाच लागतो, त्याचं मला काही वाटलं नाही.

अडलं ते बँकेत.

पॅकेजच्या कागदावर "बँक अकाउंट असिस्टन्स" असं लिहिलं होतं. मी त्याचा अर्थ खातं मिळेल असा घेतला. त्याचा अर्थ फॉर्म भरून देणं एवढाच होता. परवाना देतं फ्री झोनचं प्राधिकरण, खातं द्यायचं की नाही ते ठरवते बँक, आणि परवाना आहे म्हणून खातं द्यायला बँक बांधील नसते. त्यात मार्च 2022 मध्ये एफएटीएफ या काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मनी लाँडरिंगच्या कारणावरून युएईला जादा देखरेखीच्या करड्या यादीत टाकलं होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये ते नाव यादीतून निघालं, पण मधल्या काळात तिथल्या बँका नव्या, छोट्या आणि परदेशी मालकाच्या कंपन्यांना फार सावधपणे हात लावत होत्या. पहिल्या बँकेने विचारलं, ऑफिस कुठं आहे? फ्लेक्सी डेस्क म्हणजे ठरावीक तास वापरायला मिळणारं सामायिक टेबल. तो पत्ता त्यांना पुरला नाही. दुसरी बँक तयार होती, पण खात्यात कायम पन्नास हजार दिरहम शिल्लक हवी, म्हणजे अकरा लाख रुपये नुसते पडून ठेवायचे. तिसरीने सहा महिन्यांचं स्टेटमेंट, पुरवठादाराची बिलं आणि तिथल्या ग्राहकांच्या ऑर्डरी मागितल्या. पुरवठादार माझीच सांगलीची पेढी. ग्राहक म्हणायचा, खातं उघडा मग ऑर्डर देतो. आठ आठवड्यांनी त्या बँकेचा एका ओळीचा ईमेल आला. नकार होता, कारण लिहिलेलं नव्हतं.

कंपनी होती, शिक्का होता, पैसे घ्यायला खातं नव्हतं. सेमिनारमध्ये दीड तासात बँकेबद्दल एक वाक्य बोललं गेलं होतं: "ते आम्ही बघतो."

तोवर माझा पहिला माल न्हावा शेवाहून निघून पोचलाही होता. अर्ध्या किलोची बाराशे पाकिटं, राजापुरी हळदीची पूड. शारजातल्या एका भाड्याच्या गोदामात मी तिथल्या एका किराणा वितरकाला माल दाखवायला घेऊन गेलो. केरळचा माणूस, पंचवीस वर्षं त्याच धंद्यात. त्याने एक पाकीट उचललं, समोरून पाहिलंसुद्धा नाही, सरळ उलटं केलं. मागे आम्ही "पॅकिंगपासून 12 महिन्यांच्या आत वापरा" असं छापलं होतं. त्या ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "भाईसाब, ये नहीं चलेगा." तिथं उत्पादनाची तारीख आणि मुदत संपायची तारीख, दोन्ही पाकिटावर स्पष्ट छापलेल्या लागतात. लेबल अरबीतही लागतं. अरबी मजकूर स्टिकरवर चालतो, तारीख स्टिकरवर चालत नाही. शिवाय दुकानात जाणारा खाण्याचा माल आयात करणाऱ्या स्थानिक कंपनीच्या नावावर तिथल्या यंत्रणेकडे नोंदवावा लागतो. माझ्या परवान्यावर "जनरल ट्रेडिंग" होतं, पण तेवढ्यावर दुकानात माल ठेवता येत नव्हता. मग त्याने पाकीट फोडलं, चिमूटभर पूड तळहातावर घेतली, वास घेतला आणि म्हणाला, "माल बहुत अच्छा है." ते ऐकून जास्तच वाईट वाटलं.

पाकिटं परत आणणं परवडत नव्हतं आणि तिथं विकता येत नव्हती. शेवटी माल नष्ट करायच्या कागदावर मी सही केली. त्याचीही फी भरावी लागली. वाळव्याच्या ज्या शेतकऱ्याकडून ती हळद घेतली होती, त्याला हे अजून सांगितलेलं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. फ्री झोन ही वाईट गोष्ट आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. ज्या कामासाठी ती निघाली, त्या कामाला तिच्यासारखी सोय नाही. दुबईने 1979 मध्ये जेबेल अलीला वाळवंटाच्या काठावर मोठं बंदर उभं केलं आणि 1985 मध्ये त्याला लागून पहिला फ्री झोन काढला. कल्पना साधी होती. जगभरातून माल या बंदरावर उतरू दे, गोदामात राहू दे, लागलं तर फोडून पुन्हा पॅक होऊ दे आणि पुढे आफ्रिकेला, इराकला, जिथं जायचा तिथं जाऊ दे; तो देशाच्या बाजारात येत नाही तोवर त्यावर सीमाशुल्क नाही. त्या काळी युएईत इतरत्र कंपनी काढायची तर 51 टक्के भागीदार तिथला नागरिक असावा लागे. फ्री झोनमध्ये परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळायची. पुढे शारजात हमरिया आणि विमानतळाजवळचा झोन, अजमान, रस अल खैमा, दुबईत डीएमसीसी, असं करत आज तिथं चाळीसच्या वर फ्री झोन आहेत. माणसं म्हणतात ते "दुबईची कंपनी", पण स्वस्त पॅकेजं बहुधा दुबईबाहेरच्या अमिरातींतली असतात, आणि प्रत्येक झोनचे नियम, फी आणि बँकेतली पत वेगळी असते.

माझा एक मित्र पिंपरी-चिंचवडचा, पंपांचे सुटे भाग बनवतो. त्याने जेबेल अलीत छोटं गोदाम घेतलंय. पुण्याहून महिन्याला माल जातो, तिथं साठा राहतो आणि केनिया, टांझानियाच्या डीलरांना हवा तेव्हा चार-आठ पेट्या निघतात. भारतातून प्रत्येक वेळी थोडा-थोडा माल पाठवायचा तर दोन महिन्यांचा वायदा द्यावा लागायचा. आता तो आठवड्याचा वायदा देतो. त्याच्याकडे जाण्याआधी ऑर्डरी होत्या, आफ्रिकेतली गिऱ्हाइकं दहा वर्षांची होती. त्याला फ्री झोन शंभर टक्के लागू पडला.

माझं गिऱ्हाईक कोण होतं? शारजाच्या रोल्यातली आणि बुर दुबईतली किराणा दुकानं. म्हणजे मला माल देशाच्या बाजारातच विकायचा होता. फ्री झोनमधून तिथल्या बाजारात माल नेणं म्हणजे कायद्याने आयात. साधारण 5 टक्के सीमाशुल्क, त्यात काही खाद्यपदार्थांना माफी आणि सेपाखाली बऱ्याच भारतीय मालाला सवलत, पण मूळ देशाचा दाखला बिनचूक हवा. वर 2018 पासूनचा 5 टक्के व्हॅट. आणि आयातदार म्हणून स्थानिक परवाना असलेला कोणीतरी हवाच. मग माझी कंपनी त्या साखळीत कोणतं काम करत होती? काहीच नाही. सांगलीची पेढी त्या केरळच्या वितरकाला थेट माल पाठवू शकत होती. आज तेच चालू आहे: तारखा छापलेली नवी पाकिटं, अरबी लेबल, तीस टक्के आगाऊ, बाकी कागदपत्रं बँकेत आल्यावर. यासाठी परदेशात एक रुपयाही गुंतवावा लागलेला नाही. आयात-निर्यात कोड आणि मसाला मंडळाची नोंदणी पेढीकडे आधीपासूनच होती.

"तुमचा माल शेवटी कोण विकत घेणार आणि तो कुठं बसलाय?" एवढा एक प्रश्न त्या हॉलमध्ये मला कोणी विचारला असता, तर मी चेक खिशात ठेवला असता.

पडद्यावरच्या त्या मोठ्या अक्षरांचंही बोललं पाहिजे, कारण मी पाहतो, ती आजही तशीच दाखवली जातात. 100 टक्के मालकी: 1 जून 2021 पासून युएईने फ्री झोनबाहेरच्या कंपन्यांनाही बहुतेक व्यवसायांत पूर्ण परदेशी मालकी खुली केली. आम्ही सेमिनारला बसलो तेव्हा या बदलाला वर्ष उलटून गेलं होतं. ज्याला तिथल्या दुकानांना माल विकायचाय त्याने आधी मेनलँड, म्हणजे फ्री झोनबाहेरच्या, परवान्याचा हिशोब मांडून पाहावा, हे सांगायला हवं होतं. दुबईने 2025 मध्ये फ्री झोन कंपन्यांना मेनलँडवर काम करायला वेगळ्या परवानगीची वाट काढली आहे, पण तीही फुकट नाही आणि आपोआप मिळत नाही.

0 टक्के कर हे तर आता मोठ्या काळजीचं वाक्य आहे. जून 2023 पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना युएईत कंपनी कर लागू झाला: 3,75,000 दिरहमपर्यंतच्या नफ्यावर शून्य, त्याहून वरच्या नफ्यावर 9 टक्के. फ्री झोन कंपनीला शून्य दर मिळू शकतो, पण अटींवर. तिथं खरंखुरं काम चालायला हवं, माणसं आणि खर्च तिथला हवा, हिशोबांचं ऑडिट हवं आणि उत्पन्न कायद्यात सांगितलेल्या प्रकारचंच हवं. मालाच्या व्यापाराला ही सवलत मुख्यतः "डेझिग्नेटेड झोन" म्हणून घोषित झालेल्या झोनमधून, आणि माल पुढे विकणाऱ्या किंवा त्यावर प्रक्रिया करणाऱ्या गिऱ्हाइकाला दिला तरच. सगळे फ्री झोन त्या यादीत नाहीत. अट मोडली तर ते वर्ष आणि पुढची चार वर्षं सवलत गेली. उलट छोट्या व्यापाऱ्याला, ज्याची उलाढाल 30 लाख दिरहमच्या आत आहे, त्याला 2026 अखेरपर्यंत लघुव्यवसाय सवलत आहे, ती मेनलँडवरही मिळते. मग शून्य कर हे फ्री झोनचं खास आकर्षण छोट्या माणसासाठी उरतं कुठं?

आणि कर शून्य असला तरी नोंदणी करावीच लागते, विवरणपत्र भरावंच लागतं. इचलकरंजीचे एक कापडवाले आहेत, माझ्याच दिवशी बुकिंग केलेले. त्यांच्या कंपनीने एका दिरहमचाही धंदा केला नव्हता. कर नाही म्हणजे नोंदणीही नाही असं ते समजले, मुदत गेली आणि दहा हजार दिरहमचा दंड लागला. सव्वादोन लाख रुपयांच्या वर. नंतर तिथल्या सरकारने हा दंड माफ करायची योजना आणली, पण त्यासाठी ठरावीक मुदतीत विवरणपत्र भरावं लागतं, हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं. सल्लागारांचा फोन तोवर बदलला होता.

इथपर्यंतचं सगळं तिकडचं झालं. सगळ्यात जास्त झोप माझी इकडच्या बाजूने उडवली, आणि याबद्दल व्यासपीठावरून एक शब्दही निघाला नव्हता.

जुलै 2023 मध्ये आमच्या सीएंकडे विवरणपत्रासाठी बसलो होतो. बोलता बोलता मी दुबईची कंपनी सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. "यूआयएन घेतला का?" म्हणाले. मला तो शब्दच माहीत नव्हता. भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशातल्या कंपनीचे शेअर घ्यायचे तर ते फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली परदेशी गुंतवणूक ठरतं. 22 ऑगस्ट 2022 पासून त्याचे नवे नियम आहेत. पैसे पाठवण्याआधी किंवा शेअर नावावर होण्याआधी, जे आधी घडेल त्याच्या आधी, आपल्या बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेकडून हा युनिक क्रमांक घ्यावा लागतो. माझं शेअर सर्टिफिकेट ऑक्टोबर 2022 चं. मेमोरंडमवर भांडवल लिहिलेलं, पण ते मी कधी पाठवलंच नव्हतं, कारण पाठवायला खातं नव्हतं. पॅकेजची फी मात्र सल्लागारांच्या सांगण्यावरून सल्लाशुल्क म्हणून गेली होती. म्हणजे कागदावर मी परदेशी कंपनीचा मालक, आणि आपल्या देशाच्या लेखी त्या कंपनीचा पत्ताच नाही.

त्यानंतरचे सहा महिने बँकेच्या परकीय चलन विभागात गेले. साहेब चांगले होते, पण त्यांच्याकडेही नियम होते. विलंब शुल्क भरलं, खुलासे लिहिले, भाषांतरं जोडली. दर वर्षी 31 डिसेंबरपर्यंत कंपनीचा वार्षिक अहवाल बँकेमार्फत द्यावा लागतो, धंदा झालेला असो वा नसो. प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावं लागतं. ते लपवलं तर 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर 2024 पासून स्थावर सोडून वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून सूट आहे, पण नोंद करायची जबाबदारी सुटलेली नाही. माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, मात्र आता दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर, आधी कापला जातो. तो नंतर वळता होतो हे खरं, पण खेळतं भांडवल वर्षभर अडकतं. आणि आपलीच पेढी आपल्याच परदेशी कंपनीला माल विकते तेव्हा भाव बाजारभावाइतकाच लावला आहे हे सीएच्या दाखल्यासह दाखवावं लागतं.

शिवाय मी सांगलीत राहतो, इथंच करदाता आहे. तिकडे कर शून्य असला तरी त्या कंपनीतून माझ्या हातात येणारा लाभांश इथं करपात्रच आहे. "दुबईत कर नाही" हे वाक्य सांगलीत, जालन्यात, अहिल्यानगरात राहून धंदा करणाऱ्या माणसाला उद्देशून बोलणं चूक आहे. माझ्या मते याला अर्धवट माहिती म्हणणंही सौम्य होईल. शे-दोनशे कुटुंबांना कायद्याच्या कचाट्यात ढकलणारं हे वाक्य आहे.

शेवटी 2024 मध्ये मी कंपनी बंद केली. बंद करण्याचा खर्च कोणीच आधी सांगत नाही. परवाना नूतनीकरण न करता नुसता सोडून दिला तर दंड साचत राहतो. रीतसर बंद करायचं तर आधी व्हिसा रद्द, मग लिक्विडेटरचा, म्हणजे कंपनीचा हिशोब मिटवणाऱ्याचा, अहवाल, नोटीस, झोनची ना हरकत, कर नोंदणी रद्द करायचा अर्ज, तोही तीन महिन्यांच्या मुदतीत. व्हिसाचं तर, सहा महिन्यांहून जास्त सलग बाहेर राहिलो तर तो तसाही बाद होतो, म्हणून मधल्या काळात नुसता चेहरा दाखवायला मी दोनदा जाऊन आलो होतो. बंद व्हायला पाच महिने लागले. खर्च पहिल्या पॅकेजच्या निम्म्याहून जास्त. मग इथं बँकेत गुंतवणूक संपल्याची नोंद.

हे सगळं आज लिहिण्याचं निमित्त आहे. 14 फेब्रुवारी 2024 ला जेबेल अलीत भारत मार्टची पायाभरणी झाली. भारतीय लघुउद्योगांचा माल तिथं एका छताखाली मांडायची ती योजना आहे, आणि ती चांगली आहे. माझा स्वतःचा तिथं जायचा विचार आहे. पण तिचं नाव घेऊन आतापासूनच गावोगावी फ्री झोन परवान्यांची पॅकेजं विकली जाऊ लागली आहेत. पुढच्या दोन-तीन वर्षांत तुमच्या हॉलसाठी अशा बऱ्याच विनंत्या येतील.

तुमच्याकडे माझं मागणं आहे. हॉल आणि बॅनर देण्याआधी सल्लागारांकडून लेखी घ्या: पहिल्या वर्षाचा, दुसऱ्या वर्षाचा आणि बंद करण्याचा संपूर्ण खर्च, दिरहममध्ये आणि रुपयांत. तो कागद प्रत्येक खुर्चीवर ठेवा. बँक खातं नाकारलं गेलं तर किती पैसे परत, हेही त्यात हवं. अनेक सल्लागार फ्री झोनचे नोंदणीकृत एजंट असतात आणि परवान्यामागे त्यांना कमिशन मिळतं. त्यात काही गैर नाही, पण ते श्रोत्यांना माहीत असलं पाहिजे. कार्यक्रमाचा खर्च त्यांनी उचलला असेल, तर तेही व्यासपीठावरून मोकळेपणाने सांगा. मला माहीत आहे, हॉलचं भाडं आणि जेवणाचा खर्च संघटनांना जड जातो, प्रायोजक हवा असतो. पण सभासदांकडून दोनशे रुपये घ्या, आम्ही देऊ.

त्याच दिवशी, त्याच व्यासपीठावर एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या परकीय चलन विभागातला अधिकारी आणि फेमा जाणणारा सीए बसवा. दोघांनाही सल्लागारांइतकाच वेळ द्या. आणि एक खुर्ची अशा माणसाला द्या ज्याने फ्री झोनमध्ये कंपनी काढून चालवली आहे किंवा बंद केली आहे. पिंपरीचा माझा मित्र यायला तयार आहे, कारण त्याचं चांगलं चाललं आहे आणि का चाललं हे त्याला नीट सांगता येतं. इचलकरंजीचे कापडवालेही तयार आहेत. त्यांना बोलताना अजून त्रास होतो, पण येतो म्हणालेत.

बुकिंगचं टेबल मात्र त्या दिवशी हॉलमध्ये नको. ज्याला कंपनी काढायची आहे तो आठ दिवसांनी, सीएशी बोलून, घरी बायकोशी बोलून सल्लागारांच्या ऑफिसात जाऊन चेक देईल. आठ दिवसांनी सूट नाहीशी होत असेल, तर ती सूट कशासाठी होती हे पदाधिकाऱ्यांनीच त्यांना विचारावं.

माझी फाईल मी जपून ठेवली आहे: परवाना, तिन्ही बँकांशी झालेला पत्रव्यवहार, माल नष्ट केल्याचा कागद, बँकेचे खुलासे, बंद केल्याचं प्रमाणपत्र. नावं झाकून तिच्या झेरॉक्स काढल्या आहेत. तुम्ही बोलवाल त्या गावाला मी स्वतःच्या खर्चाने येईन. मानधन नको, हारतुरेही नकोत. मला सल्लागारांच्या आधी वीस मिनिटं द्या आणि हळदीचं ते एक पाकीट श्रोत्यांच्या हातात फिरवू द्या. त्यातलं एक मी ठेवून घेतलं होतं.

आपला,
सांगलीचा एक हळद-बेदाणा व्यापारी आणि आपला सभासद